पट आणि पट्टी

गावात पट्टी तीन प्रकारची असते. घरपट्टी आणि पाणीपट्टी ग्रामपंचायत लावते. तिसरी गाव आपणहून काढतं. मारुतीच्या पाराला फरशी बसवायची असो, सप्ताहाचा महाप्रसाद असो की कुणाच्या घरावर ओढवलेलं संकट, चार जाणती माणसं वही घेऊन दारोदार फिरतात आणि दोन दिवसांत रक्कम उभी राहते. या तिसऱ्या पट्टीची पावती नसते आणि वसुलीची नोटीसही नसते.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने या तिसऱ्या पट्टीला शासन निर्णयात जागा दिली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, असं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं होतं. एका अंड्याला पाच रुपये धरले होते. सव्वा वर्षातच त्यासाठीचे वेगळे पैसे थांबले. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. ते द्यायचे असतील तर अंडी आणि साखर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभी करावीत, अशी सोय करून देण्यात आली. अंडं रद्द केलं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त ते गावाच्या वहीत जमा झालं.

जळगाव जामोद तालुक्यातल्या एखाद्या तीस पोरांच्या शाळेचा हिशेब मांडू. आठवड्याला तीस अंडी म्हणजे दीडशे रुपये. वर्षात पस्तीस आठवडे शाळा भरली असं धरलं तर सव्वापाच हजार. रक्कम फार मोठी वाटत नाही. पण समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षभराचं संयुक्त अनुदान मिळतं दहा हजार रुपये. खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यातच. नुसतं अंडं त्याच्या निम्म्याहून जास्त खाऊन टाकतं. आता गावाला विचारा, पट्टी कुणाकुणाकडून काढायची? कपाशी-सोयाबीनचा भाव पडलेला, आणि ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात.

‘कपात’ हा शब्द सरकारी कागदावर सहसा सापडत नाही, आणि म्हणून ती ओळखायला वेळ लागतो. अर्थसंकल्पात असते ती तरतूद. तरतूद म्हणजे पैसा नव्हे, खर्च करायची विधिमंडळाची परवानगी. त्यानंतर वित्त विभाग किती टक्के रक्कम सोडायची ते ठरवतो, ते वितरण. वितरित पैसा विभाग, जिल्हा परिषद, पंचायत समिती असा उतरत येतो आणि शेवटी खर्च होतो. मार्चमध्ये जाहीर झालेला आकडा आणि पुढल्या मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च झालेला आकडा, यांच्यातली दरी हीच खरी कपात. वर्तमानपत्रात पहिला आकडा मोठ्या अक्षरांत येतो. दुसरा क्वचितच येतो.

अलीकडे एकदा ही गोष्ट उघडपणे घडली. ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, वित्त विभागाने विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला, नवी बांधकामं थांबवली आणि आरोग्यासारखे मोजके विभाग सोडून नोकरभरती गोठवली. निदान स्पष्टपणे सांगितलं तरी. त्यानंतरची कपात वेगळ्या नावांनी येते. पद ‘रिक्त’ असतं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, मग त्याचं ‘समायोजन’ होतं. शाळेचं ‘समूह शाळे’त विलीनीकरण होतं, निधी ‘वळता’ होतो. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, त्यातली महसुली तूट सुमारे ४५ हजार ८९१ कोटी, आणि लाडकी बहीण योजनेसाठीच ३६ हजार कोटी. त्याच वर्षी मे महिन्यात या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळते झाले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. बहिणीच्या खात्यात दीड हजार येतात ते तिला दिसतात. तिच्या पोराच्या वसतिगृहातून काय गेलं ते दिसत नाही. योजना वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. ज्या बाईच्या हातात आजवर स्वतःचा रुपया नव्हता तिला त्याचं मोल विचारावं. पण एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं, तर पहिला खिसा कुणाचा होता हे विचारायला हवं.

जळगाव म्हटलं की उरलेला महाराष्ट्र खानदेशाकडे पाहतो. आमचं जळगाव जामोद बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, मग बुलढाण्यात आला. बुलढाणेकरांच्या भाषेत आम्ही घाटाखालचे. जिल्ह्याचं गाव घाटावर, आणि आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पुन्हा अकोल्याला. तालुक्याच्या दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथली तहान जळगाव आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांसाठी वान धरणावरून आणलेल्या १४० गाव योजनेवर अवलंबून आहे. उत्तरेला डोंगर, भिंगाऱ्यासारखी गावं आणि पाडे. तिथे घरात भिलाली, पावरी, कोरकू बोलतात. काही घरांत निहाली बोलतात. ही भाषा जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही आणि ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार उरलेत. अशा घरातलं सहा वर्षांचं पोर शाळेत येतं तेव्हा मराठी ही त्याला शिकायची पहिली परकी भाषा असते.

या डोंगराच्या बाबतीत एक कायदेशीर गाठ आहे, ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. राज्यात १३ जिल्ह्यांमध्ये अनुसूचित क्षेत्र आहे. शेजारचा अमरावती त्यात आहे, खानदेशातलं जळगावही आहे. बुलढाणा नाही. अशा क्षेत्रात लागू असलेल्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो आणि ग्रामसभा तो कुठे लावायचा ते ठरवते. डोंगर तोच, माणसं तीच, नातीगोती एकमेकांत. पण जिल्ह्याची रेघ ओलांडली की हा निधी नाही. जिथे स्वतःचा असा हक्काचा पैसा नाही, तिथे वरून येणारा एक हप्ता चुकला की सगळंच थांबतं.

गावाच्या बाकीच्या सेवांचंही तेच. २०२१ मध्ये गावोगावच्या दिवाबत्तीची वीज महावितरणने तोडायला सुरुवात केली. आधी पथदिव्यांचं बिल राज्य सरकार भरत असे. मग ते पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतींनी भरावं, असा आदेश निघाला आणि राज्यभरचे सरपंच रस्त्यावर आले. या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असायचा. मोकळा ४० टक्के. त्यातूनच नाली, अंगणवाडीची दुरुस्ती, शाळेची खिडकी आणि वर खांबावरचा दिवाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्याच आयोगाचे प्रत्येकी दहा टक्के मिळायचे. मार्च २०२२ मध्ये बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत संपली, आरक्षणाच्या खटल्यात निवडणूक अडकली, प्रशासक बसला. निवडून आलेली संस्था नाही म्हणून त्यांचा वाटा थांबला. निवडणूक घ्यायची ती सरकारी यंत्रणेने, आणि ती झाली नाही त्याची शिक्षा मात्र गावाला.

आता शाळेच्या मूळ दुखण्याकडे येऊ. शालेय शिक्षणाच्या तरतुदीतला फार मोठा भाग पगारात जातो. म्हणून काटकसर करायची म्हटलं की नजर पदांवरच जाते. पदं ठरतात पटावरून, त्याला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक दिले. पट दहा असला तरी दोन. कारण पाच इयत्ता एकट्या माणसाला सांभाळता येत नाहीत, आणि तो माणूस एक दिवस तालुक्याला बैठकीला गेला की शाळा बंद. पुढे महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा देताना सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं असावीत, अशी अट आली. हा वीसचा आकडा नवी शाळा उघडण्यासाठी होता. पुढे तो चालू शाळांना लावायचा मापदंड होऊन बसला.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याची यादी निघाली. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. अशा शाळा राज्यात १४,७८३ निघाल्या, विद्यार्थी एक लाख ८५ हजारांवर. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांची कल्पना पुढे आली, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांचे दाखले देत. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी लहान शाळांतली मंजूर पदं आणखी आवळली. ५ सप्टेंबर २०२४ ला तर वीसच्या आतल्या शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. शिक्षकदिनाचा मुहूर्त कुणी साधला ते देवच जाणे. त्याच महिन्याच्या २५ तारखेला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, आणि तो निर्णय पुढे मागे घ्यावा लागला.

या वीसच्या आतल्या शाळा आल्या कुठून? त्यातल्या कित्येक २००० सालाच्या आसपासच्या वस्तीशाळा आहेत. पाड्यावरच्या पोरांना नाला ओलांडून जावं लागतं म्हणून गावातल्याच शिकलेल्या पोराला महिना एक हजार रुपये मानधनावर नेमलं, आणि झोपडीत, झाडाखाली, कुणाच्या ओसरीवर वर्ग सुरू झाले. त्या निमशिक्षकांना नियमित वेतनश्रेणी मिळायला २०१४ उजाडलं. म्हणजे शाळा स्वस्त होती तोवर सगळ्यांना हवी होती. शिक्षकाला पुरा पगार लागू झाला, तेव्हा पट कमी असल्याचं लक्षात आलं.

‘पोरं दोन-तीन किलोमीटर चालत जातील, नाहीतर बस देऊ’, हे उत्तर कार्यालयात बसून बरोबर वाटतं. समग्र शिक्षात दूरच्या वस्तीतल्या मुलाच्या वाहतुकीसाठी वर्षाला सरासरी सहा हजार रुपयांची सोय आहेही. पण २२ जुलै २०२३ ला याच जळगाव आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या नद्यांनी काय केलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. रात्रीतून पूल गेले, शेतं खरवडून निघाली. पावसाळ्यात नाल्यापलीकडची शाळा ही नकाशावरच दोन किलोमीटर असते. आणि आईबाप डिसेंबरात कामाला बाहेर गेलेले असताना आजीच्या भरवशावरचं सात वर्षांचं पोर, त्यातही पोरगी, रोज बसला उभी राहील हे कोण मानेल?

गावांनी यावर काय काय केलं, त्यात सगळ्यात बोलका प्रसंग नाशिक जिल्ह्यातला. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली मुलं शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. मागणी एवढीच होती: दप्तर घ्या आणि शेळ्या द्या. भाम धरणाने विस्थापित झालेली ती वस्ती. एका ओळीत त्यांनी सगळं सांगितलं. शाळा नसेल तर आम्हाला शेळ्याच वळायच्या आहेत, मग त्या तरी द्या. अर्ज-निवेदनांच्या फायलींनी जे होत नाही ते त्या शेळ्यांनी केलं. राज्यभर चर्चा झाली.

दुसरा रस्ता पट वाढवायचा. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२२ मध्ये तीन पोरांवर आली होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली, पट शंभराच्या वर नेला, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या एका स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. अशी उदाहरणं मनाने उभारी धरावी अशीच आहेत, पण ती ऐकताना मला थोडी धास्तीही वाटते. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात लोकसहभागाला हात देणारे कारखाने असतात, शाळेकडे येणारी बाहेरची पोरंही असतात. भिंगाऱ्यात बाहेरून पोरं कुठून आणायची? जालिंदरनगर दाखवून ‘तुम्ही का नाही केलं’ असं पाड्याला विचारणं सोपं, आणि अन्यायाचं.

शाळेचा पैसा कुणाचा, हा वाद तर जुनाच. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होत असे आणि त्याचा एक हिस्सा शिक्षणाला ठेवला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला: कर शेतकरी भरतो, आणि शिक्षण मात्र वरच्या थरांना मिळतं, या पैशातून प्राथमिक शाळांना जास्त द्या. ते दान मागत नव्हते, भरलेल्या पैशाची पावती दाखवत होते.

पट्टी काढून लढण्याचा मोठा वस्तुपाठ भाऊराव पाटलांचा. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. भाऊराव पुन्हा लोकांत गेले, लोकांनी दिलं, शाळा चालत्या ठेवल्या. पण त्यावर कुणी समाधान मानलं नाही. वऱ्हाडचे गाडगेबाबा, ज्यांचा शब्द कुणाला खाली पाडता येत नसे, त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे रयतची बाजू मांडली आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. मूठ धान्य चालूच होतं आणि सरकारकडचा हक्कही सोडला नव्हता. आजच्या लोकसहभागाच्या भाषणांतून नेमका हा दुसरा भाग गळतो.

तो गळला की काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलं. २०१० नंतरच्या काटकसरीत तिथल्या नगरपालिकांनी शेकडो वाचनालयं बंद केली किंवा स्वयंसेवकांच्या हवाली केली. जिथे निवृत्त शिक्षक आणि सुखवस्तू वस्ती होती तिथली चालली. जिथे दोन-दोन पाळ्यांत राबणारी माणसं होती तिथे कुलूप लागलं. शिकागोत २०१३ मध्ये सरकारी शाळा पन्नासच्या आसपास बंद झाल्या, बहुतेक काळ्या लोकांच्या वस्त्यांतल्या. डायेट नावाचं बंद पडलेलं हायस्कूल पुन्हा उघडावं म्हणून २०१५ मध्ये बारा जणांनी ३४ दिवस उपोषण केलं. पुढल्या वर्षी ते उघडलं. त्यांनीही आपली शाळा स्वतः चालवायला मागितली नव्हती. सरकारने चालवावी म्हणून ते उपाशी बसले.

मग आमच्या घाटाखालच्या गावाच्या हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा जास्त. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया असतात, आणि तिने केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार, असं कायदा म्हणतो. बहुतेक ठिकाणी हा आराखडा गुरुजी एकट्याने रात्री भरतात आणि सह्यांसाठी वही फिरते. ग्रामसभेत पंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेचं नाव घालता येतं. शाळेची किंवा अंगणवाडीची जागा वनखात्याच्या जमिनीत अडकली असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरच्या आतली जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर. पेसा नसलेल्या आमच्यासारख्या तालुक्यालाही हे कलम लागू आहे. माहिती अधिकारात गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेसाठी किती तरतूद होती, किती वितरित झाली, किती खर्च झाली, असे तीन वेगळे आकडे मागता येतात. नुसतं ‘किती निधी आला’ असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

आणि पट्टीही काढावी, जरूर काढावी. पोरांना अंडं मिळायलाच हवं, शासन निर्णय बदलेपर्यंत त्यांना उपाशी ठेवायचं नाही. फक्त त्या वहीत एक रकाना वाढवावा: हा खर्च खरा कुणाचा होता. वर्षअखेरीस त्याची बेरीज ठरावासकट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.

एक तारीख मात्र गावाने भिंतीवर लिहून ठेवावी, ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर पुढल्या वर्षाची पदं ठरतात. पट मोजताना आता आधार जुळलेलेच विद्यार्थी धरतात. शाळेच्या दाखल्यात नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं, जन्मतारखेत एका अंकाचा फरक, आडनाव पावरा की पावारा. एवढ्याने वर्गात रोज बसणारं पोर मोजणीत नसतं. एकविसाचा पट एकोणीस होतो आणि एका शिक्षकाची खुर्ची हलते. डोंगरातल्या एखाद्या पाड्यातून आधार केंद्रावर यायचं म्हणजे मजुरीचा एक दिवस, भाडं, आणि तिथे गेल्यावर सर्व्हर बंद. पोळा झाला की, ३० सप्टेंबरच्या आधीच, कुणीतरी एक जीप ठरवावी, पाच-सहा पोरं आणि त्यांच्या आया घेऊन तालुक्याला यावं, आणि दाखले दुरुस्त करूनच परत जावं. जीपच्या भाड्यापुरती पट्टी निघाली तरी चालेल.